मास्तरांच्या शिळेवरचा बदललेला शब्द

मी, वय ६४ वर्षे, धंदा दगडावर अक्षरे कोरणे, राहणार मंडईमागच्या गल्लीतील कोपऱ्याचे दुकान व त्यावरील खोली. गल्लीत मला अक्षरकाकू म्हणतात. पाकिटावर तेवढेच लिहिले तरी टपाल पोहोचते. आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे.

माझ्याविरुद्ध नगरपालिकेची तक्रार आहे की मी मास्तरांच्या स्मारकशिळेची मोडतोड केली. मोडतोड केलेली नाही, मजकुरात दुरुस्ती केली आहे. ती मी एकटीने, दिवसाढवळ्या केली.

मास्तर म्हणजे आमच्या भागातून निवडून आलेले सभासद. आधी शाळेत शिकवत, म्हणून मास्तर. बेचाळीस वर्षांपूर्वी सभागृह बरखास्त झाले, वर्तमानपत्रांची अर्धी पाने कोरी निघू लागली, तरी ते बोलायचे थांबले नाहीत. ते आमच्या दुकानाच्या पायरीवरच गेले. त्या पायरीसमोर, रस्त्यापलीकडे, यंदा नगरपालिकेने शिळा उभी करायचे ठरवले. काम माझ्याकडे आले. मंजूर मजकूर असा होता: ‘या ठिकाणी मास्तर यांचे अकाली निधन झाले.’ मी तसाच कोरून दिला.

शिळा बसवायच्या आदल्या दिवशी मास्तरांची मुलगी दुकानात आली. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने मजकूर वाचला आणि विचारले, “काकू, अकाली निधन म्हणजे काय हो? ताप आला होता का माझ्या बाबांना?”

मी म्हणाले, “बाई गं, कागदावर असतं ते मी कोरते. मजकूर माझा नसतो.”

ती म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.” आणि गेली. ती रागावून बोलली असती तर बरे झाले असते. सोमवारी शिळा बसली. सोमवारी आणि मंगळवारी मी दुकान उघडले नाही.

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी स्टूल, छिन्नी, हातोडी व घासायचा दगड घेऊन शिळेसमोर बसले. ‘निधन’चे ‘खून’ करायचे तर नुसता एक शब्द बदलून भागत नाही. ‘यांचे’चे ‘यांचा’ आणि ‘झाले’चे ‘झाला’ करावे लागते. ‘अकाली निधन’ एवढा पट्टा घासून खाली घेतला व त्यात ‘खून’ कोरले. तिथे हात फिरवला तर खळगा लागतो, तो राहणारच. दोन मात्रा दगडाच्या पुडीने बुजवल्या. माणसे जमली होती. समोरचा कुलूपवाला म्हणाला, “काकू, अक्कल गहाण ठेवलीत का?” मी कोरत राहिले. तो घरी गेला आणि छत्री आणून माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. त्याचा यात दुसरा काही हात नाही.

सुमारे दोन वाजता हवालदार आले.

“परवानगी आहे का?”

“नाही.”

“मग थांबा.”

“एक काना राहिलाय. ‘झाल’ असं कसं सोडू?”

“काढा पटकन.”

“काना पटकन निघत नाही, साहेब.”

हवालदार वीस मिनिटे उभे राहिले. नंतर त्यांनी माझी पिशवी उचलली व आम्ही चालत ठाण्यात आलो. त्यांनी मला कोणतीही जबरदस्ती केली नाही.

लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारले की असे का केले. त्यावर सांगते की, मी पाहिले म्हणून.

मास्तर गेले त्या दिवशी दुपारी पावणेपाच वाजता ते आमच्याकडे वाचनालयाची पाटी पाहायला आले होते. पाटी पाहून माझ्या वडिलांना म्हणाले, “अक्षर बाकी तुमच्या लेकीचं चांगलं.” मग दारात जोडे घालायला वाकले. एक घातला होता. करड्या रंगाची गाडी येऊन थांबली, दोघे उतरले, त्यांनी तीन गोळ्या घातल्या व गाडीत बसून निघून गेले. मी आत आठ फुटांवर होते. गाडी चालवायला तिसरा होता. काच खाली होती. त्याने माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी वडिलांना व मला या ठाण्यात बोलावले. जबाब घ्यायला तोच गाडी चालवणारा माणूस खुर्चीवर बसला होता. जबाब आधीच लिहून तयार होते. टायर फुटल्यासारखा आवाज ऐकला, बाहेर आलो तेव्हा कोणी नव्हते, असा मजकूर होता. वडील म्हणाले, “सही कर, पोरी. घरी जायचंय.” मी सही केली. त्यानंतर वडील एकोणीस वर्षे जगले. आमच्यात या विषयावर बोलणे झाले नाही. पायरी वडिलांनी स्वतः धुतली होती, एवढे मला माहीत आहे.

त्या अधिकाऱ्याचे नाव मी मॅडमना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. थोड्या वेळाने ते एका वेगळ्या कागदावर लिहून घेतले.

मॅडम म्हणाल्या, “काकू, तक्रार शिळेची आहे. हे या गुन्ह्यात येत नाही.” मी म्हणाले, “मला तर एकच गुन्हा माहीत आहे.” त्यांनी तसे लिहावे, असा माझा आग्रह आहे.

माझा तेव्हाचा जबाब खोटा आहे. त्याबद्दल व शिळेबद्दल जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे. शिळा काढली तर मी आडवी येणार नाही. मास्तरांची मुलगी बाहेर बाकावर बसली आहे, तिला मी बोलावलेले नाही. वर सांगितले ते तिला कोण सांगणार, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच सांगा. मी सांगेन. जोड्याचे सांगायचे की नाही, ते अजून ठरलेले नाही.

जुनी फाईल दप्तरात सापडत नाही, असे मला सांगण्यात आले. त्यावर माझे म्हणणे असे की, फाईल नसली तरी मी आहे. मला केव्हाही बोलवावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर तो मी चष्मा लावून स्वतः वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.