बॉर्डर बंद आहे, असं सांगितलंय मी

—नाही, आधी बस. दारात उभं राहून काही सांगू नकोस, चंद्रप्रकाश. आणि ती काठी बाहेर ठेव, चपलांच्या बाजूला—हां. पाट घे. पाणी पी. दसऱ्याला नेपाळला गेलास तो दिवाळी करून आता उगवतोयस, इकडे सेक्रेटरी रोज विचारतोय, बहादूर आला का, बहादूर आला का. मी म्हटलं त्याला, अहो, त्याला नाव आहे. बारा वर्षं तुमचं गेट उघडतोय, एकदा तरी नावाने हाक मारा. हसला नुसता. हसायला काय जातंय! हिंदी नको रे, मराठी तुला माझ्याइतकी कळते. आणि मी पोळ्या लाटत बोलते हं, कंपनीतल्या पोरांचे डबे जायचेत. हात थांबला की मला ऐकूच येत नाही. खरंच. तसंच आहे माझं.

तुला काय सांगायचंय ते ठाऊक आहे मला. भेटलास तू ह्यांना. गेटमधून आत शिरलास तेव्हाच कळलं, माझ्या खिडकीकडे बघितलं नाहीस ना. एरवी लांबून ओरडतोस, ताई, चाय! तर भेटलास. बरं झालं. थांब आता. गुढीपाडव्यापासून थांबलेय, आणखी एक परात पीठ संपेपर्यंत थांबले तर काय बिघडणार आहे? आधी तुझ्या घरचं सांग. आई कशी आहे? गुडघे? आणि मीठ मिळतं का तिकडे? नाही?—काय म्हणतोस, सणाचं बकरं आळणी शिजवलं? अरे देवा. वाडीभर एकच पुडी फिरवली? म्हणजे या घरातून त्या घरात, चिमूटभर काढायची आणि पुढे द्यायची—अरे, ही काय पद्धत झाली! दोन सरकारांचा व्यापाराचा करार संपला, नवा झाला नाही, ह्यांना त्यांचा राग, त्यांना ह्यांचा राग, आणि सजा कुणाला? तुझ्या आईच्या पातेल्याला! आम्ही लालबागला होतो तेव्हा नळावर रोज मारामारी. आमची रुक्मिणीमावशी, तोंडाने अशी की कावळा बसायचा नाही कौलावर, ती सुद्धा भांडण झालं तर नळापुढे आडवी उभी राहायची, पण प्यायचा एक हंडा सोडायची. प्यायचा सोडायची. इथे एवढा मोठा देश, मिठासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या म्हणून शाळेत आम्हाला शिकवलं, आणि तो देश शेजाऱ्याचं मीठ अडवतो? रॉकेल अडवतो? पोरांच्या दुधाची पावडर अडवतो? आणि पेपरात काय—पहिल्या पानावर इलेक्शन, दुसऱ्या पानावर इलेक्शन. तुमचं मीठ आठव्या पानावर, चार ओळी, खाली गंजी-बनियनची जाहिरात. मी वाचते ना. पोळ्या गुंडाळायला रद्दी लागते, गुंडाळायच्या आधी वाचते. मॅट्रिकपर्यंत शिकलेय, अगदीच वाया नाही गेलं.

हे शेजारपाजारचे तेवढंही वाचत नाहीत. म्हणून तर माझं निभावलं. खोटं कशाला बोलू—म्हणजे खोटंच बोलले, पण तुझ्याशी कशाला बोलू. हे आचारी म्हणून गेले ती शेटची टूर परत आली आणि हे आले नाहीत, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, दत्ताराम कुठे? माझ्या तोंडातून निघून गेलं—बॉर्डर बंद आहे ना, अडकलेत तिकडे. बस. सगळ्यांना पटलं! ए विंगमधले बँकेतले अनंतराव, एम.कॉम. माणूस, तेही म्हणाले, हो, हो, सिरियस मॅटर आहे. एकाने विचारलं नाही की बाई, बंदी मालाला आहे, माणसाला कुठे आहे? माणसं येतात-जातात. तू नाही का जाऊन आलास, पिशवी खांद्याला लावून, बसने! एक तुलाच ठाऊक होतं, आणि तू काही बोलला नाहीस. जाताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणालास, ताई, दाजूंना काही द्यायचंय? दाजू म्हणालास, थोरला भाऊ. मी आत जाऊन रडले, ते तुला दिसलं नसेल. दिसलं? मग तसं सांगायचं नसतं रे.

झालं काय होतं ते तुला अर्धंच ठाऊक असेल. मला पण बी विंगच्या नीला मॅडमनी सांगितलं, त्या होत्या ना टूरमध्ये. आपली माणसं कशी जातात फिरायला ते बघितलंयस तू—देव पशुपतिनाथ, पण पोटात पोहे हवेत. बसच्या टपावर तांदूळ, डाळ, साखर, पापड, लोणची, रॉकेलची पिंपं, आणि मागच्या सीटवर आचारी. परमुलखातलं अन्न म्हणून खायचं नाही. मी नावं नाही ठेवत, त्यावरच आमचं घर चाललंय. गिरणी होती तोवर हे गिरणीच्या कॅन्टीनला होते. संपात गिरणी गेली, कॅन्टीन गेलं, मग शरच्चंद्र शेटने टूरवर घेतलं. सात वर्षं केलं. काश्मीर केलं, रामेश्वर केलं. तर ह्या पाडव्याला काठमांडूला. लॉजच्या मागच्या अंगणात ह्यांची चूल, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे बोळ, आणि बोळात पहाटेपासून लाईन. रिकामे डबे घेऊन. रॉकेलसाठी. पोरं, म्हातारे, पोटुशी बाई. आणि भिंतीच्या ह्या बाजूला ह्यांचे चार स्टोव्ह भणाणतायत—कशाला? आंघोळीचं पाणी! आपल्या चाळीस माणसांना थंडी वाजते! नीला मॅडम स्वतः म्हणाल्या मला, शेवंती, खरं तर तेवढी थंडी नव्हती. मग बोलायचं होतं ना तिथेच! इथे येऊन मला सांगून काय उपयोग?

ह्यांनी स्टोव्ह बंद केले. एक, दोन, तीन, चार. आणि म्हणाले, थंड पाण्याने कोण मरत नाही, पारोसं राहिल्याने पण मरत नाही. नीला मॅडमनी तसंच बोलून दाखवलं मला, मी तर बघतच राहिले. एवढं लांब वाक्य? ह्यांचं? मग पिंप उचललं आणि भिंतीवरून त्या लोकांच्या डब्यांत ओतायला लागले. शेट धावत आला. टूरवाले टॉवेल लावून बाहेर आले. कोण म्हणे आमचे पैसे भरलेत, कोण म्हणे चोर आहे, कोण म्हणे पाडव्याच्या दिवशी श्रीखंड-पुरीचं काय? शेट म्हणाला, आत्ता पाय धर सगळ्यांचे, नाहीतर बसमध्ये बसू देणार नाही. आणि हे बसमध्ये बसले नाहीत. ह्यांच्या हाताखालचा पोरगा बाळा, त्याने परतीच्या वाटेवर पिठलं केलं, ते करपलं, अशी तक्रार पण केली मॅडमनी माझ्याकडे. माझ्याकडे! माझा माणूस परमुलखात सोडून आलात, आणि मला पिठल्याचं सांगता?

तर हे झालं. ह्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? काही नाही. छाती फुगवून सांगायला पाहिजे होतं सगळ्यांना. मग बॉर्डर का सांगितली मी? तूच विचारशील. अरे, बस सुटली त्या दिवशी राहिले, ते समजलं. दुसऱ्या दिवशी दुसरी बस असते ना? आठवड्याने असते. जेठात असते, आषाढात असते. पावसाळा काढला मी इथे, नाहूरचा चिखल तुडवत रॉकेलच्या लाईनीत, मी पण लाईनीतच होते रे, आणि दर वेळी गेट वाजलं की—असो. म्हणजे आता हे रॉकेलचं राहिलं नाही, हे कळायला लागलं मला. मग म्हटलं बाई असेल. सरळ आहे. बाई असेल तर मला सोपं. ऐकतोस ना? शिव्या येतात मला, मालवणी शिव्यांची परडी भरून ठेवलीय, कुणाच्या तरी नावाने ओतायला हवी. बाई आहे का? मान हलव नुसती. नाही? माझ्याकडे बघून हलव. नाही. मेल्या, खोटं बोलत असशील तर उद्यापासून चहा बंद. नाही?

मग काय करतात तिथे? सांग. नाही, हळू सांग. त्याच लॉजच्या अंगणात—लाकडावर? अख्ख्या बोळाचं एकच चुलाण? म्हणजे प्रत्येकाने आपापले दाणे आणायचे, मूठ मूठ, आणि एकत्र शिजवायचं, म्हणजे सरपण वाचतं. हो. बरोबर आहे. कॅन्टीनचा माणूस, हजार लोकांचा अंदाज हातात आहे. आणि सगळे येऊन बसतात. आणि हे वाढतात. आणि—काय?

पुन्हा सांग.

हसतात? हे? दात दिसतील असे? बोलतात? काय बोलतात? नेपाळी! मराठी बोलायला ह्यांना कष्ट पडायचे, माझ्याशी दिवसभरात चार शब्द, त्यातले दोन ‘हं’ आणि दोन ‘बघू’—आणि पोरांना गोष्टी सांगतात? कसल्या? गिरणीच्या? भोंग्याच्या? मला कधी भोंग्याची गोष्ट नाही सांगितली. मला ठाऊकच होता ना भोंगा. मग कशाला सांगतील.

मी ह्यांचे हाल नाही केले रे, चंद्रप्रकाश. तू बघितलंयस. टूरवरून आले की मी ह्यांना काडी इकडची तिकडे करू दिली नाही. दोन-दोन महिने लोकांच्या उष्ट्या-खरकट्यात राबून येतो माणूस, त्याने घरी पण चुलीशी बसायचं? माझ्या घरात? माझ्या आईने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती? मी म्हणायची, तुम्ही बसा. तुम्ही बसा हो. गरम पोळी पानात. पाणी पण हातात. एकदा ह्यांनी नारळ खवायला घेतला, मी हातातून काढून घेतला. एकदा मी तापाने पडले होते तर उठून बघते तर हे स्टोव्हजवळ, पातेल्यात तांदळाची पेज, वर जिऱ्याची फोडणी, वास सुटला होता असा—मी तशी धडपडत उठले आणि म्हटलं, व्हा बाजूला, लोक काय म्हणतील, बायको आहे ना अजून जिवंत! झाले बाजूला. दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, पाहुण्यासारखे. ती पेज मी—नाही, ओतली नाही, ओतीन कशी, पण गार झाल्यावर खाल्ली. चव सांगितली नाही. काय सांगायची? नवरा-बायकोत चव सांगतात का?

चाळीस माणसांनी जेवण खाऊन नावं ठेवायची, आणि घरातल्या एकीने करूच द्यायचं नाही. तू तोंड वर करून बघू नकोस, माझं मला बोलू दे. मला वाटायचं ह्यांना आराम लागतो. मला अजून तसंच वाटतं. लागत नव्हता का?

बघ, शेवटची लाटी. संपलं पीठ. आता काय ते बोल. निरोप आहे ना काहीतरी? काय म्हणाले? शेवंतीला सांग—काय? बोल ना. माळ्यावरचा झारा? गिरणीतला? लांब दांड्याचा?

तो आठवला ह्यांना.

तुला ठाऊक नाही तो कसला झारा आहे. गिरणीच्या फिटरने, धोंडिरामने, खास घडवून दिला होता, कॅन्टीनच्या मोठ्या कढईसाठी. संप झाला तेव्हा तेवढा एक घरी आणला. टूरवर कधी नेला नाही. सात वर्षांत एकदाही नाही. मी म्हणायची, न्या की, गंजतोय. तर म्हणायचे, दुसऱ्याच्या कढईत माझा झारा नाही घालणार. ते एक वाक्य बोलायचे खरे. आणि आता मागवलाय. हं.

हं.

नाही, मी ठीक आहे. पिठाचा हात डोळ्याला लागला. दुसरं काही म्हणाले? माझ्याबद्दल—कशी आहे वगैरे? विचारलं. काय विचारलं? ‘बरी आहे ना?’ एवढंच. आणि तू काय म्हणालास? बरी आहे म्हणालास. चांगलं केलंस. तेच सांगायचं.

ते स्टूल ओढ. जपून, एक पाय लंगडा आहे. गाद्यांच्या मागे बघ, गोणपाटात. आला हाताला? बघ केवढा आहे. ह्या खोलीत आडवा धरला तर दाराला अडतो. दांडा पूस जरा—थांब, मी पुसते. मी पुसते म्हटलं ना. तेलाचा हात लावून ठेवायची मी दर पावसाळ्यात, ह्यांना नव्हतं सांगितलं. बघ, गंज कुठे आहे? नाही.

कोण नेणार हा? तुझा मेहुणा? शनिवारी? बॉर्डरवरून कसा नेईल तो? अरे, मीठ अडवतात तिथे, रॉकेल अडवतात, लहान पोरांचं दूध अडवतात, आणि एवढा दोन हात लांबीचा लोखंडी झारा सोडतील? बघतील ना. विचारतील, काय आहे, कुणाचा आहे, कागद दाखव. तिकडचा शिपाई मागे फिरवील त्याला. फिरवील ना? तू बघितलंस ना तिथे, कसे एकेक पोतं उघडतात?

नाही अडवणार?

झाऱ्याला बंदी नाही.

बरं. ने मग. तिरका धर, दार लहान आहे. आणि जा आता तू, गेटवर कुणी नाहीय. जा रे बाबा, बघत काय उभा राहिलास, जा ना.