पेडलचे घोडे

गुडघ्याच्या व्यायामाला कंटाळलेल्या शिक्षिकाबाई दवाखान्यात नंबरची वाट बघत होत्या. शेजारी एक वेल्डर आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले त्याचे सासरे बसले होते.

“मामा, बागेतल्या घोड्यांच्या फिरत्या पाळण्याची मोटर काढतोय. प्रत्येक घोड्याला पेडल बसवणार.”

“म्हणजे पाय मारले तरच फिरणार?”

“तरच.”

“जावईबापू, या वयात मी घोड्यावर चढू? तुमच्या सासूबाई हसतील.”

“त्यांनी पांढरा घोडा आधीच अडवून ठेवलाय.”

“आणि मी मध्येच दमलो तर?”

“बाकीचे पाय मारतील. तुम्ही आयते फिरा.”

“सगळेच दमले तर?”

“तर उतरून चहा घ्यायचा.”

सासरे गुडघा चोळत राहिले.

“मला तिच्या शेजारचा घोडा द्या. मागचा नको, जन्मभर मागेच राहिलोय.”

शिक्षिकाबाई जरा त्यांच्याकडे सरकून बसल्या. “अहो, घोडे एकूण किती आहेत?”