यमुनेनं बांधलेली गाठ

मंडळी, भगवानभाऊच्या शोकसभेले तुमी सारे आले. मेडशीचे आले, तांड्यावरचे आले. बाया-माणसं पाराच्या मांगं उभी आहेत. मले बोलाले उभं केलं, कारण भगवानभाऊचं घर आन् माहं घर एकाच भिंतीचं. पण बोलाचं काय? कमी-जास्त झालं त सांभाळून घ्या.

भगवानभाऊ आपल्या पंचायतीचे पंच होते. जिद्दी होते. त्या जिद्दीचा आपल्याले राग येत होता. मलेही येत होता.

ते पाहा, ती जुनी विहीर. आज तिच्यावर फळ्या ठोकल्या आहेत. त्या वर्षी गावात हगवण आली, म्हणून विहीर बंद केली आन् पाण्याची बाटली शहरातल्या एका प्रयोगशाळेत धाडली. बाटलीचं तोंड भाऊच्या यमुनेनं बांधलं. माहेरपणाले आली होती पोरगी. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आन् अशी गाठ मारली, की भाऊ हासले. म्हणाले, "बाई, हे सुटीन कसं?" ती म्हणाली, "बाबा, ज्याले पाहाचं आहे, तो सोडीनच."

कागद आला. पाणी पिण्यालायक आहे. खाली मोठा शिक्का. भाऊनं याच पारावर उभं राहून तो वाचला. आपण सारे खुश झालो. कोणी विचारलं काय, हा शिक्का कोणाचा? त्याले पाणी तपासाची मान्यता कोणं देली? कोणी नाही विचारलं. आपल्या रीतीनं विहिरीची ओटी भरली. माहेरवाशिणीनं पहिली ओंजळ प्यावी, ही आपली रीत. पहिली ओंजळ यमुना प्याली.

पुढचं तुमाले ठाऊक आहे. यमुना गेली. अजून काही घरची माणसंही गेली. त्या घरचे लोक इथंच बसले आहेत. त्याइले मी काय सांगू?

पोरीची तेरवी झाली आन् भाऊ शहरात गेले. प्रयोगशाळा म्हणजे दुकानाच्या माडीवरची एक खोली. भिंतीवर सरकारी मान्यतेचा दाखला होता, काचेत लावलेला. भाऊनं तो पुरा वाचला. मान्यता होती तेला-तुपाच्या तपासणीची. पाण्याचं त्यात नाव नव्हतं. आन् फळीवर आपली बाटली. यमुनेची गाठ तशीच. कोणी सोडलीच नव्हती.

घरी आल्यावर भाऊ मले म्हणाले, "देवमन, पोरीची गाठ तिथं धूळ खाऊन राह्यली होती, आन् मी इथं कागद वाचून राह्यलो होतो." ती बाटली त्याइनं घरी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवली. गाठ कधी सोडली नाही. जेवाले बसले की तोंड तिकडंच. त्या घरात पाणी मागाची माही हिंमत होत नव्हती. खरं सांगतो, आजही होत नाही.

मंग बियाण्याचा असो की तेलाचा, बाहेरून तपासणीचा कागद आला की भाऊ पहिले जाऊन येत. मान्यता कोणाची? कायच्या तपासणीची? अजून चालू आहे काय? आपण चिडवत होतो, "काय भाऊ, कोणाची सोयरीक पाहाले चालले?" भाऊ म्हणत, "पोरगी द्याच्या पहिले घर पाहून येता ना? मंग ज्याच्या भरोशावर सारं गाव पाणी पेते, त्याचं घर काहून नाही पाहात?" मी कागद दाखवला की एकच सवाल. "पाहून आला काय?"

पाहून आला काय?

आता ऐका. नव्या विहिरीचं पाणी आपण दुसऱ्या प्रयोगशाळेत धाडलं. तिथं जाऊन पाहाले भाऊनं पिशवी भरून ठेवली होती. तापानं पडले, ते उठलेच नाहीत. आन् काल कागद आला. पाणी चांगलं आहे म्हणते. शिक्का मोठा आहे.

आज सकाळी बाया माह्या दारी आल्या. "भाऊजी, नव्या विहिरीची ओटी कधी भराची?" माही कमळा माहेरी आली आहे. या खेपेले पहिली ओंजळ तिची. ती ताट घेऊन उभीच होती. सोमवारी भरा, हे माह्या तोंडात आलं होतं. तेवढ्यात भिंतीपल्याडून आवाज आला. पल्याडच्या खोलीत आता कोणी नाही, मंडळी. भाऊची खाट उभी करून ठेवली आहे. पण आवाज त्याइचाच. पाहून आला काय?

मी भूत-बित मानत नाही. पण ओटी थांबवली. बाया नाराज झाल्या. उन्हाळा आहे, पाणी दुरून आणा लागते, मले समजते. पण लेक माही आहे. मले भेव वाटते.

उद्या सकाळच्या मोटारीनं मी शहरात चाललो. दाखला वाचीन, कायचा आहे ते पाहीन, आन् आपली बाटली मागीन. या खेपेले तिचं तोंड कमळानं बांधलं होतं. ती गाठ मले सुटलेली दिसली पाहिजे. यमुनेची बाटली तिच्या मायनं, वहिनीनं, माह्या पिशवीत ठेवून देली आहे.

आता सारे उभे राहा. भगवानभाऊसाठी जरा वेळ चूप राहू. डोळे मिटा. कोणाच्या कानावर तो सवाल आला, त घाबरू नका. उद्या माह्यासंगं मोटारीवर या.