मुलीच्या डोक्याची आण

मी, पितांबर झुलाल महाजन, वय ४९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, रा. बोरखेडे, ता. धरणगाव, जि. जळगाव, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी सविता हिच्यासह राहतो. आमची मुलगी मृणाली लष्करात डॉक्टर असून तिचा हुद्दा मेजर आहे. सध्या ती बंगळुरू येथे अंतराळवीराचे प्रशिक्षण घेत आहे.

आमच्या गावातील विधवा भागाबाई यांच्या शेतात जाणारी गाडवाट माझे चुलत भाऊ पुना महाजन यांनी काट्या टाकून बंद केली आहे. त्याबाबत दावा चालू आहे. ती वाट माझ्या लहानपणापासूनची आहे, म्हणून मी भागाबाईंच्या बाजूने साक्षीदार आहे.

काल कोर्टात मी ईश्वराची शपथ घेऊन साक्ष दिली. साक्ष संपताच पुना उभे राहून म्हणाले, "साहेब, ही शपथ तं बठ्ठाच लोक घेतात. यानं लेकीच्या डोक्याची आण घ्यावी. घेतली तं मी आजच काट्या उचलतो." साहेबांनी त्यांना खाली बसवले व कोर्टात अशी आण चालत नाही म्हणून समज दिली. पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर भागाबाईंचे वकील मला म्हणाले, "आबा, इथं घ्या आण. मी त्यांच्याकडून लिहून घेतो, दावा मिटेल. वाट खरी आहे ना?" मी म्हणालो, खरी आहे. आण घेतली नाही. भागाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

तेव्हा पुना सर्वांसमोर हसून म्हणाले, "खोटं शे म्हनीसन जीभ उचलस नही." माझ्यासोबत आलेली सविता त्यांना म्हणाली, "नाना, तोंड सांभाळा." त्यावर ते मला म्हणाले, "तुनी पोर वर जाई, पन खाले येवाव नही," म्हणजे मुलगी अंतराळात गेली तर परत येणार नाही.

त्यानंतरचा प्रकार खाली सांगतो.

संध्याकाळी मृणालीचा फोन आला. आईने तिला सर्व सांगितले होते. ती म्हणाली, "आबा, आण घेऊन टाका. माले काही व्हवाव नही." मी विचारले, आज काय शिकवले? ती म्हणाली, गोल फिरणाऱ्या यंत्रात बसवले होते. जोरात फिरले की डोक्यातले रक्त खाली उतरते, डोळ्यांपुढे अंधार येतो. पण श्वास कसा धरायचा ते शिकवतात. मी बरे म्हणालो व फोन सविताकडे दिला.

आज सकाळी देवघरातल्या कानबाईपुढे बसलो. मनात म्हणूनही आण घेता आली नाही. पुढच्या तारखेला काय करावे, ते अजून सुचत नाही. भागाबाईंची कपाशी वेचायला आली आहे.

सविता मला म्हणाली होती की, माझा हात लागला नाही असे सांगा, नाहीतर मुलीला खाली पाहावे लागेल. येथे शपथ घ्यावी लागते का, असे मी हवालदारांना विचारले. त्यांनी लागत नाही म्हणून सांगितले.

काल कोर्टाबाहेर पुना मुलीबद्दल तसे बोलताच सविताने हातातील पिशवी त्यांच्या कपाळावर मारली. पिशवीत जेवणाचा डबा होता. रक्त आले. मी जवळ उभा होतो व पाहिले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सविता दारात उभी होती. तिनेही तो ऐकला. मी सांगितला तसाच लिहिला आहे व तो खरा आहे.