शिंपीमास्तरांच्या विहिरीचे पाणी हिरवे झाल्याबाबत

नाव: ठाण्याच्या नोंदीत आहे तेच, गल्लीत सगळे मला कांडीवाला म्हणतात. वय: चोवीस वर्षे. शिक्षण: आठवी पास, नववी अर्धी. धंदा: बर्फाच्या कांड्यांच्या कारखान्यात रंग व साखरपाणी मिसळणे. राहणार: सासऱ्यांच्या घरी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, हवालदारसाहेबांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे हा जबाब त्यांच्या परवानगीने मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खाडाखोड झाल्यास तिथे सही करीन.

मी, माझी पत्नी, आमची आठ महिन्यांची मुलगी, सासूबाई व सासरे असे एकत्र राहतो. घर सासऱ्यांचे आहे. ते शिंपी असून गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मागच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर आहे. तिचे पाणी चवीला गोड आहे, हे मी नाकारत नाही. सासऱ्यांचा तिच्यावर इतका विश्वास आहे की घरात कोणाचे पोट बिघडले तर ते त्याला विहिरीचेच आणखी दोन पेले पाजतात. "पोट धुऊन निघतं," असे त्यांचे म्हणणे असते. गेल्या वर्षी घरी संडास बांधला. त्याचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर आहे.

मुलीला वरचे दूध सुरू केल्यापासून तीनदा जुलाब झाले. तिसऱ्या वेळी दवाखान्यात सलाईन लावावे लागले. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचे नाही. सध्या ती बरी आहे, रांगते, आणि माझ्या चपला चावते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारले, "पाणी कुठलं पाजता?" मी म्हणालो, "विहिरीचं, पण उकळलेलं." पत्नी म्हणाली, "आई रोज उकळते." सासूबाई म्हणाल्या, "चांगलं खळखळ उकळते हो. मग पोरीचं तोंड भाजू नये म्हणून विहिरीचं गार पाणी घालून कोमट करते." नर्सबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. नंतर त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की खड्ड्यातले पाणी जमिनीतून झिरपत विहिरीत येऊ शकते. पाणी दिसायला स्वच्छ व चवीला गोड असले तरी त्यात जंतू असू शकतात. मोठी माणसे निभावून नेतात, तान्ह्या पोरांचे तसे नसते. त्यांनी एक स्वच्छ बाटली दिली आणि पाण्याचा नमुना आणायला सांगितले.

मी सासऱ्यांना न विचारता नमुना घेतला नाही. विचारले तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, जन्मापासून हे पाणी पितोय मी. माझ्या विहिरीची परीक्षा घेणार? तोही नववीतून उठून आलेला परीक्षक?" त्या बाटलीत सध्या शिलाई मशीनचे तेल आहे. सासूबाईंना मी वरून गार पाणी न घालण्याची विनंती केली. त्या "बरं" म्हणाल्या व दुसऱ्या दिवशी सवयीने घातले. घर त्यांचे असल्यामुळे मला कोणाला ओरडता येत नाही.

कारखान्यात कांडीचा साचा गळतो का हे पाहायचे असल्यास आम्ही त्यात रंगीत पाणी भरून ठेवतो. रंग जिथे बाहेर दिसेल तिथे भोक. त्यावरून मला सुचले. मी मालकांना विचारून खाण्याच्या हिरव्या रंगाचा एक मोठा डबा घेतला. सोमवारी दुपारी सासरे दुकानात आणि सासूबाई झोपलेल्या असताना तो संपूर्ण संडासात ओतला व वरून बऱ्याच बादल्या पाणी सोडले. विहिरीत मी काहीही टाकलेले नाही. हे वाक्य अधोरेखित समजावे. पत्नी त्या वेळी सासूबाईंच्या घोरण्यावर लक्ष ठेवून होती. तिचा यात एवढाच सहभाग आहे.

मंगळवारी काही झाले नाही. बुधवारीही नाही. आज सकाळी सासूबाई विहिरीवर गेल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहो, लवकर या! विहिरीत पोपट विरघळला!"

सासऱ्यांनी वाकून पाहिले आणि "विष! सुताराने विष घातलं!" असे ओरडून ते तडक ठाण्याकडे निघाले. सुतार आमचे शेजारी आहेत. त्यांच्या रंध्याचा भुसा उडून सासऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांवर बसतो, यावरून दोघांचे बोलणे बंद आहे. बोलणे बंद असले तरी भांडण चालू असते. मी मुलीच्या तोंडातून चप्पल सोडवून मागे धावलो. पोहोचेपर्यंत सुतारांना ठाण्यासमोरच्या कामावरून उठवून बाकावर बसवले होते. पेन्सिल अजून त्यांच्या कानावर होती. ते म्हणत होते, "अहो मास्तर, मला विष घालायचं असतं तर सगळ्यांना दिसेल असं रंगीत कशाला घातलं असतं? मी सुतार आहे, रंगारी नाही!" सासरे म्हणाले, "गप्प बस! कपाटांना रंग कोण देतो मग, तुझा आजोबा?"

माझ्यामुळे निरपराध माणूस बाकावर बसलेला पाहून मी फौजदारसाहेबांना सर्व सांगितले. ते विष नाही हे दाखवण्यासाठी कामाच्या सदऱ्याच्या खिशातील पुडीतला तोच रंग ठाण्यातल्या माठाच्या पाण्यात मिसळून सर्वांसमोर प्यायलो. माझी जीभ हिरवी झाली ती फौजदारसाहेबांनी पाहिली. सुतारांनी दोनदा पाहिली.

फौजदारसाहेब म्हणाले, "म्हणजे संडासात टाकलं ते विहिरीतून वर आलं?" मी हो म्हणालो. "रंग तर सोमवारचा. मग त्याच्या आधीचं सगळं?" मी म्हणालो, "साहेब, त्याला रंग नव्हता, म्हणून दिसलं नाही."

मग सुतार बाकावरून उठले. "मास्तर, भांडणाच्या आधी माझं पोट दुखत होतं, तेव्हा तुम्ही मला दोन पेले पाजलेत!" फौजदारसाहेब हसले. हवालदारसाहेबही हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग मला हळूच विचारले, "पोरीला सलाईन लागलं ते यामुळेच का?" मी म्हणालो, "पाणी तपासल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही." ते म्हणाले, "मग बाटली आण. तेल मी दुसरीकडे ओततो." मी सांगितले की तेलाची चालणार नाही, नर्सबाईंकडून नवी आणावी लागेल.

सासऱ्यांनी तक्रार मागे घेतली आहे. तपासणी होऊन खड्डा दुसरीकडे हलवेपर्यंत घरात कोणीही विहिरीचे पाणी पिणार नाही, असे त्यांनी फौजदारसाहेबांसमोर कबूल केले. सुतारांच्या घरी नळ आहे. ते न विचारताच म्हणाले, "नातीसाठी हवं तेवढं भरून न्या, मास्तर. फक्त भुसा गाळून घ्या." सासऱ्यांनी मान हलवली. ती हो अशी होती. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी, सासरे व सुतार यांनी ऐकला. खड्ड्याच्या ओळीपाशी सासऱ्यांनी त्यांना थांबवले. म्हणाले, "तिथे पुढे लिहा. जागा मी दाखवली. गवंडी नको म्हणत होता." हवालदारसाहेब म्हणाले, "मास्तर, जबाब जावयाचा आहे. तुमचं त्यात कसं लिहायचं?" सासरे म्हणाले, "जावयाचा म्हणजे आमच्या घरचाच ना?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही रे बाळा."

त्यांच्या सांगण्यावरून लिहितो की, खड्ड्याची जागा त्यांनी दाखवली व गवंडी नको म्हणत होता. ही ओळ मागाहून घातल्यामुळे तिथे मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून बरोबर आहे.