लाल गाडीचं बेअरिंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य उमाकांत सोनवणे सर, व्यासपीठावरील मान्यवर, मोटार मेकॅनिक विभागातून आज निवृत्त होत असलेल्या आपल्या सत्कारमूर्ती सुनिता वळवी मॅडम, त्यांच्या थोरल्या भगिनी तुळशीबाई, सर्व निदेशक, विद्यार्थी, जमलेल्या बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत मांडीवर खोका घेऊन बसलेले माझे वडील निजाम मन्यार, ज्यांनी ‘लवकर आटप’ अशी खूण आत्ताच केली आहे, सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी जावेद मन्यार, बांगडीवाला. मोटारीच्या माणसांत बांगडीवाल्याचं काय काम, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. पण आमच्या अब्बांची लाल गाडी ज्यानं पाहिली नाही असा कुणी या सभागृहात आहे का? असेल तर हात वर करा. बघा, एकही नाही.

जर्मन बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी ती स्पोर्ट्स कार अब्बांनी सुरतेहून सेकंडहँड आणली. ‘कमी चाललेली’ म्हणून आणली आणि स्वतः आणखी कमी चालवली. ईदला आणि पंधरा ऑगस्टला पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायची, की पुन्हा ताडपत्रीखाली. आरशाला तावीज होताच, शेजाऱ्यांनी प्रेमानं लिंबू-मिरचीही बांधली होती. गाडी आली त्याच दिवशी अब्बांनी नमिराला, म्हणजे माझ्या मुलीला, शब्द दिला होता, की तुझ्या लग्नात तुला सासरी मीच सोडणार, याच गाडीतून. पुढे सासर ठरलं सुरतेचं. म्हणजे नवापूरचा हायवे, पुढेमागे ट्रक.

लग्न जवळ आलं तेव्हा मॅडमनी निरोप धाडला, असलं इंजिन मी फक्त वाचलंय, एकदा बघू द्या, तेल बदलून देते. गाडी इथं वर्कशॉपात आली. मॅडमनी तेल काढलं आणि जुना फिल्टर फेकायच्या ऐवजी चक्क कापला! आतला कागद वर्तमानपत्रावर पसरला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवलं. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, “माहीत नाही. काय सापडतं ते बघते.” चुंबकाला बारीक चमकी लागून आली. आमच्या धंद्यात चमकी दिसली की गिऱ्हाईक खूश होतं. मॅडमच्या कपाळाला मात्र आठी पडली.

मला जे समजलं ते सांगतो, चुकलो तर निदेशक मंडळींनी सावरून घ्यावं. या इंजिनाच्या पोटात एक शाफ्ट आहे आणि त्याच्या टोकाला मुठीत मावेल एवढं बेअरिंग. त्यातलं ग्रीस कालांतरानं धुऊन जातं. या जुन्या गाड्यांचं ते जाणकारांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. फुटेलच असं नाही, पण फुटायचं झालं तर बहुधा आधी कळवत नाही. धावत्या गाडीत इंजिन खलास! आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीला धोका जास्त, कारण तिचं तेल खराब होतं.

आता हे अब्बांना कोण सांगणार? मॅडमनीच सांगितलं. अब्बा उसळले, “मन्ही गाडी चांगली चाली ऱ्हायनी. तिले काय व्हयनं? तुम्ही कसाले उघाडतस?”

मॅडम म्हणाल्या, “काही व्हयेल नई शे चाचा, म्हनीसनच उघाडनी शे.”

अब्बांना काही पटेना. चालत्या गाडीला खीळ घालणारी बाई, असं त्यांनी मॅडमना तोंडावर सुनावलं. आज त्या हसताहेत, पण त्या दिवशी हसल्या नव्हत्या. मी मात्र धसकलो होतो. त्या गाडीत माझी मुलगी बसणार होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी तुळशीबाई घरच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला दुकानात आल्या, सोबत मॅडम. अब्बा सगळ्यांना म्हणतात तसं तुळशीबाईंना म्हणाले, “हात सैल सोडा.” मॅडमना विचारलं, तर “माले नको, मशीनवर चालत नईत.” मग नवरीचा जोड काढायला अब्बांनी एकेक बांगडी वाजवून बघितली आणि एक बाजूला ठेवली. मॅडमनी ती उचलून उजेडात धरली.

“चाचा, हाई तं चांगली शे. तडा बी दिखत नई.”

“आवाज बद्द शे. नवरीना हातमा वाढी गई तं?” आमच्या दुकानात बांगडी फुटत नाही, वाढते.

मॅडमनी ती बांगडी अब्बांच्या तळहातावर परत ठेवली. त्या गेल्यावर अब्बा बराच वेळ ती बांगडी हातात फिरवत बसले आणि मग म्हणाले, “जावेद, गाडी लई जाय. मॅडमले सांग, उघाडा.”

गिअरबॉक्स उतरला. बेअरिंग ओढून काढायचं अवजार गावात नव्हतं, ते मॅडमनी इथल्याच लेथवर बनवलं. जुनं बेअरिंग बाहेर आलं तसं त्यांनी बोटावर फिरवून कानाशी नेलं आणि अब्बांच्या हातात दिलं. अब्बांनीही कानाशी धरलं. “बद्द शे,” म्हणाले.

नवं बसवलं. लग्नानंतर अब्बांनी नमिराला सुरतेला सोडलं. मी मागच्या गाडीत होतो. डोळे भरून येत होते. ते मुलगी चालली म्हणून की गाडी नीट चालली म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

ते बेअरिंग खरंच फुटलं असतं का? अब्बा अजून विचारतात. मॅडमचं उत्तर ठरलेलं, “माले बी तेच पाहानं व्हतं, चाचा. पन नमिराले बसाडीसन नई.”

त्यांच्या हुकमावरून आता दर शुक्रवारी नमाजनंतर लाल गाडी कोरीट गावापर्यंत धावून येते. फिल्टर वेळेवर कापला जातो. ताडपत्री सरपणावर आहे.

मॅडम, आमच्या घरावर तुमचे एवढे उपकार, आणि बांगडीवाल्यांना तुमच्या हातात एक बांगडी भरता आली नाही. मशीन आड यायचं. आजपासून मशीन नाही. त्या खोक्यात काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. अब्बा सकाळपासून वाजवून वाजवून निवडत होते.

संस्थेनं एका दुकानदाराला इथं उभं केलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही बद्द वाजलं असेल तर तेवढं बाजूला काढून ठेवा आणि मला माफ करा.

अब्बा, वर या. मॅडम, हात सैल सोडा.