फ्रेंचमधलं पोतं

नाही रे गोविंद, सही कुठं पळून जात नाही, आधी कुंद्रु – बस म्हणतो त्या बाकावर – उन्हातून आलास. पाणी देऊ? नको? बरं. पाकीट तुझ्या टपालाच्या पिशवीतच राहू दे जरा. काय आहे त्यात ते मला ठाऊक आहे – माझ्या नातीचा, अश्विनीचा पासपोर्ट, व्हिसाचा शिक्का होऊन आलेला. ती नाही घरात. लॅमिंग्टन रोडला स्वेटर बघायला गेली आहे. येईल एवढ्यात – थांब, रिक्षा वाजली – नाही, ती नव्हे.

तुझी नात दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते, असं सगळं केशवापूर मला विचारतं. अमेरिकेत एक फुटबॉल आहे – नाव फुटबॉल, पण हातात धरून पळायचं, आणि चेंडू नारळासारखा लांबट. त्या खेळाचे इंग्रजी शब्द ती फ्रेंचमध्ये करते. कॅनडात मॉन्ट्रियल म्हणून गाव आहे, तिथले लोक फ्रेंच बोलतात आणि हा खेळ बघतात. हस, मीही हसलो होतो. मी चौथी शिकलेला, जन्म गेला मार्केटात गोणपाटाची पोती विकण्यात – पण तिची कामाची रीत अशी की शब्द आधी मला मराठीत समजावायचा, मी मान हलवली की मग फ्रेंचमध्ये लिहायचा. आज्जाला कळलं तर कुणालाही कळेल, म्हणते. दोन वर्षं, रोज सकाळी, चहाबरोबर. गड्याला पकडून लोळवणं मला लगेच कळलं, हुतूतूत आम्ही दुसरं काय केलं? पण एकदा म्हणाली, चेंडू फेकणारा गडी फेकायच्या आधीच आडवा पाडला, तर इंग्रजीत त्याला सॅक म्हणतात, इथं माझं अडलंय. मी म्हटलं, सॅक म्हणजे पोतं, माझाच माल – लिही की पोतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग तिकडच्या लोकांना विचारलं, तर ते खरंच ‘साक’ म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये साक म्हणजे पोतंच. माझ्या अडाणीपणानं तिचं काम झालं, बघ. आता त्याच लोकांनी बोलावलं आहे – इथं येऊन बसून कर म्हणून. शुक्रवारचं विमान.

कोण आलं? – शेजारची पद्मा. असू दे.

काय म्हणालास? काल कुलूप होतं? कुलूप नव्हतं. आतून कडी होती. तू दोनदा हाक मारलीस, ‘अज्जारऽ, पोस्ट’ म्हणून. ऐकलं मी. इथंच, दाराच्या मागं उभा होतो. संध्याकाळी तिनं पाकीट कुठं पोचलं ते मोबाईलवर बघितलं – घर बंद होतं म्हणून लिहिलेलं. मी म्हटलं, देवळात गेलो होतो. मी देवळात कधी जातो का रे? तिला माहीत आहे.

त्या खेळात घड्याळ थांबवता येतं. हातानं खूण करायची, चालता डाव थांबतो. आम्ही लहानपणी टॅमप्लीज म्हणायचो, त्याला फ्रेंचमध्ये मेलेला वेळ म्हणतात. अर्ध्या डावात तीनदाच मिळतो. आणि तीनदा दार उघडलं नाही की पाकीट परत जातं, हे तूच मागं सांगितलं होतंस – मी तेच धरून चाललो होतो. पाकीट परत जाईल, विमान जाईल, पोरगी राहील. असं बघू नको माझ्याकडं. आज उघडलं ना दार? का उघडलं? सकाळी चहा घेऊन बसली आणि एकही शब्द विचारला नाही. नुसती फाटकाकडं बघत होती. चहावर साय आली, तशीच.

नको, इकडं नको देऊ. घरच्या कुणीही सही केली तर चालते, माहीत आहे – पण माझ्या हातात देऊ नको. दार उघडण्यापुरतं बळ होतं माझ्यात. पाकीट हातात आलं तर ते तिच्यापर्यंत जाईलच, असं मला सांगता येत नाही. बस अजून पाच मिनिटं. तुझी पुढची गल्ली राहिली आहे, कळतं मला. बस.

आली. ती बघ, पिशव्या घेऊन उतरली. ऊठ, तिच्याच हातात दे. आणि कालचं काही बोलू नको. जा आता – जा, दे.